पोटातलं राजकारण

सेवाभावी संस्थेने राजकारणात पडू नये, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरं आहे का हे तपासायचं राहूनच गेलं. रक्तदान शिबिर घ्या, वह्या वाटा, फिती लावून रॅली काढा, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन करा, वडापाव खा आणि रूमवर जा. इथपर्यंत सगळे खूश. पण त्याच संस्थेने सरकारकडे काही मागितलं, खासदाराला पत्र लिहिलं, की लगेच कपाळाला आठ्या! "हे काय, समाजसेवा चाललीय की पॉलिटिक्स?" माझं म्हणणं असं की काही कामं पॉलिटिक्स केल्याशिवाय होतच नाहीत, आणि ती टाळणारी संस्था आपलं अर्धं काम सोडून देते. यासाठी मी जे उदाहरण घेतोय ते जरा अवघड जागेचं आहे, तेव्हा हा अंक मेसमध्ये घेऊन बसला असाल तर आधी जेवण उरका.

उदाहरण ब्रिटनमधलं आहे, आतड्याच्या कॅन्सरचं. म्हणजे मोठं आतडं आणि त्याचा शेवटचा भाग, गुदाशय. तिथे वर्षाला ४०,००० पेक्षा जास्त लोकांना हा आजार होतो आणि १६,००० च्या वर माणसं त्याने दगावतात. कॅन्सरच्या बळींमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर. आता याला दैवदुर्विलास म्हणा हवं तर, पण हा कॅन्सर तसा वेळ देणारा आहे. बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर आधी एक बारीक कोंब फुटतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळ्याच पॉलिपचा कॅन्सर होत नाही, आणि ज्यांचा होतो त्यांनाही बरीच वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो सापडला तर कोलोनोस्कोपी करतानाच, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून बघतानाच, काढून टाकता येतो. कॅन्सर झाला पण पहिल्या टप्प्यात सापडला, तर १० पैकी ९ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. चौथ्या टप्प्यात सापडला तर १० पैकी एखादाच. सगळा खेळ तारखेचा. आपल्या सबमिशनसारखाच, फक्त इथे एक्स्टेन्शन मिळत नाही.

मग लवकर सापडावा कसा? हे कोंब आणि गाठी अधूनमधून थोडं रक्त सोडतात, डोळ्यांना न दिसण्याइतकं. ते शौचात शोधायचं. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एन.एच.एस.ने, २००६ पासून यासाठी घरपोच किट पाठवायला सुरुवात केली. दर दोन वर्षांनी पोस्टाने पाकीट येणार, घरीच नमुना घ्यायचा आणि पोस्टानेच परत पाठवायचा. सगळं फुकट. पहिलं किट म्हणजे पुठ्ठ्याचं कार्ड होतं. तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचातून प्रत्येकी दोन, असे सहा नमुने काडीने त्यावर सारवायचे. तोवर ते कार्ड घरात कुठे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच! हसू नका. प्रॅक्टिकलची सहा रीडिंग आपण तरी कुठे घेतो? चार घेतो आणि उरलेली दोन... असो. तिथल्या लोकांनीही कंटाळा केला, बरीच पाकिटं परत आलीच नाहीत.

नंतर नवी चाचणी आली, तिचं नाव फिट. माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ती अँटीबॉडीने ओळखते, त्यामुळे आदल्या रात्री मटण खाल्लं म्हणून फसत नाही, आणि एकच नमुना पुरतो. इंग्लंडने २०१४ मध्ये ती काही भागांत करून पाहिली, तर किट परत पाठवणाऱ्यांचं प्रमाण ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. रोग तोच, माणसं तीच, फक्त वापरणाऱ्याचा त्रास कमी केला. मशीन डिझाइनवाल्यांनी हे कुठेतरी लिहून ठेवावं. पण एवढं दिसूनसुद्धा ही चाचणी इंग्लंडभर लागू व्हायला जून २०१९ उजाडला. स्कॉटलंडने ती २०१७ च्या नोव्हेंबरातच सुरू केली होती.

खरी मेख मात्र किटमध्ये नव्हती, पाकीट कुणाच्या पत्त्यावर जाणार यात होती. इंग्लंडने वय ठरवलं ६०. सुरुवातीला ६० ते ६९, पुढे ७४ पर्यंत. स्कॉटलंडने २००७ मध्ये कार्यक्रम सुरू केला तो मुळातच ५० ते ७४. पंतप्रधान एक, पार्लमेंट एक, पण आरोग्यखातं ज्याचं त्याचं वेगळं. आता नकाशा बघा. स्कॉटलंडच्या हद्दीत ग्रेट्ना नावाचं गाव आहे आणि इंग्लंडच्या हद्दीत कार्लाइल शहर. मध्ये जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. ग्रेट्नातल्या माणसाला पन्नाशीपासून साठीपर्यंत पाच वेळा पाकीट येणार, कार्लाइलच्या माणसाला त्या दहा वर्षांत एकदाही नाही. आतडं दोघांचं सारखंच! (मध्यंतरी इंग्लंडमध्ये ५५ व्या वर्षी एकदाच नळीने तपासायची योजना आली होती. ती सगळीकडे पोचलीच नाही आणि २०२१ मध्ये गुंडाळली गेली.)

२०१५ मध्ये इंग्लंडमधली एक बाई या कॅन्सरने गेली. वय ५६. रोग कळल्यापासून काही महिन्यांत सगळं संपलं. तिच्या मुलीने साधा हिशोब मांडला: आई स्कॉटलंडमध्ये राहत असती तर तोवर तिला तीनदा किट आलं असतं. तिने सह्यांचं निवेदन काढलं आणि सह्या लाखांच्या घरात गेल्या. पण सह्या म्हणजे निर्णय नव्हे. एकट्या माणसाचा राग दोन-चार महिने टिकतो, नंतर त्याला नोकरी असते, घर असतं. तीच मागणी वर्षानुवर्षं धरून बसायला संस्था लागते.

ब्रिटनमध्ये या आजारासाठी दोन धर्मादाय संस्था होत्या, बॉवेल कॅन्सर यूके आणि बीटिंग बॉवेल कॅन्सर. २०१८ च्या सुरुवातीला दोघी एक झाल्या. पत्रकं छापणं, रुग्णांना आधार देणं हे त्या करतच होत्या. पण त्याबरोबर 'वय ५० करा' ही मागणीही त्यांनी लावून धरली. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. रास्ता रोको नाही, पुतळा जाळणं नाही. रुग्णाला किंवा नातेवाइकाला पत्राचा मसुदा द्यायचा, त्याने त्यात स्वतःची हकीकत घालून आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पाठवायचं. एकसारखी छापील शंभर पत्रं कुठलाही खासदार बाजूला सारू शकतो, पण आपल्याच मतदाराने लिहिलेलं 'माझा नवरा ५४ व्या वर्षी गेला' हे बाजूला सारणं अवघड. त्यांच्या पार्लमेंटमध्ये सगळ्या पक्षांच्या खासदारांचे मिळून विषयवार गट असतात, कॅन्सरवरही आहे. अशा गटांना आकडे पुरवायचे, मंत्र्याला सभागृहात काय विचारायचं ते सुचवायचं. आणि हॉस्पिटलांना माहिती अधिकारात प्रश्न टाकायचे. हो, त्यांच्याकडेही माहिती अधिकार आहे, आणि योगायोग म्हणजे त्यांचा आणि आपला दोन्ही कायदे पूर्णपणे अमलात आले ते २००५ मध्येच.

हा माहिती अधिकार कसा वापरला ते ऐका. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष आहे, तो असला की आतड्याचा कॅन्सर व्हायचा धोका पुष्कळ वाढतो आणि तोही तरुण वयात. २०१७ मध्ये तिथल्या नाइस या सरकारी संस्थेने सांगितलं की आतड्याचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक रुग्णाची यासाठी तपासणी करा, म्हणजे त्याच्या भावंडांना, मुलांना वेळेत सावध करता येईल. छान सर्क्युलर निघालं. आता सर्क्युलर निघालं म्हणजे काम झालं, हे मानणारा माणूस होस्टेलमध्ये कधी राहिलेला नसणार. संस्थेने हॉस्पिटलांनाच विचारलं, तुम्ही ही तपासणी करता का? उत्तरं एकत्र करून छापली. कुणावर आरोप नाही, नुसती बेरीज. नोटीस बोर्डावर अटेंडन्सची यादी लागली की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये, तज्ज्ञ समितीचा सल्ला आल्यावर, इंग्लंडच्या सरकारने वय ५० करायचं मान्य केलं. पेपरात बातमी, सगळीकडे अभिनंदन. आणि प्रत्यक्ष पाकिटं? एप्रिल २०२१ मध्ये ५६ वर्षांच्या लोकांपासून सुरुवात. मग एकेक वय खाली सरकत, मध्ये कोरोना, मध्ये माणसांची कमतरता, असं करत ५० पर्यंत पोचायला जानेवारी २०२५ उजाडला. मान्य करण्यापासून साडेसहा वर्षं. वेल्सने तो टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात गाठला, आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०२४ संपतानाही वय ६० च होतं. म्हणून मला वाटतं संस्थेचं खरं काम घोषणेनंतर सुरू होतं. 'कधी?' हा एकच प्रश्न दर अधिवेशनाला, दर निवडणुकीला, दर नव्या मंत्र्याला विचारत राहायचा. आणि २०१८ ते २०२५ मध्ये त्यांच्याकडे मंत्री काही कमी बदलले नाहीत.

कुणी म्हणेल, हे म्हणजे संस्थेच्या नावाखाली पक्षाचं काम. तर तसं करायला त्यांच्याकडे कायद्यानेच बंदी आहे. आपल्या उद्देशासाठी धोरण बदलायची मागणी धर्मादाय संस्थेने खुशाल करावी, अमुक पक्षाला मत द्या असं मात्र सांगायचं नाही. २०१४ च्या एका कायद्याने तर निवडणुकीच्या काळात अशा मोहिमांच्या खर्चावरही बंधनं आणली. म्हणजे 'राजकीय' आणि 'पक्षीय' यात त्यांनी रेघ मारलेली आहे. आपण मात्र हे दोन्ही शब्द एकाच खिशात ठेवतो. कॉलेजच्या निवडणुकांमुळे असेल कदाचित.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. फिट चाचणी रक्त 'आहे' किंवा 'नाही' असं सांगत नाही, ती आकडा देते: एका ग्रॅम शौचात इतके मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन. कितीच्या वर गेलं की कोलोनोस्कोपीला बोलवायचं, हा सेट पॉइंट माणसाने ठरवायचा. सुरू करताना स्कॉटलंडने तो ८० ठेवला, इंग्लंडने १२०, वेल्सने १५०. चाचणी एकाच प्रकारची, आकडे तीन. असं का? आकडा खाली आणला की जास्त कॅन्सर सापडतात, पण कोलोनोस्कोपीला जाणाऱ्यांची रांगही वाढते. त्यात ज्यांना काही झालेलं नाही असेही बरेच असतात. रांग सांभाळायला डॉक्टर, नर्स, यंत्रं आणि तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट लागतात. ते नसतील तर आकडा वर ठेवून रांग आटोक्यात ठेवायची. थोडक्यात, सेन्सर कितीही चांगला असला तरी पुढचा व्हॉल्व्ह लहान असेल तर सेन्सरला आंधळं करावं लागतं. इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना हे एका मिनिटात कळेल. पण तो व्हॉल्व्ह मोठा करायचा की नाही हे लॅबमध्ये ठरत नाही, बजेटमध्ये ठरतं. म्हणूनच वयाच्या मागणीबरोबर या संस्थेने एंडोस्कोपीच्या माणसांची मागणी जोडली. जागृतीची कितीही पत्रकं वाटली तरी १२० चे ८० होत नाहीत.

होस्टेलच्या पोरांना वाटेल, पन्नाशीच्या गोष्टी आम्हाला कशाला? (आमच्या काही सरांना उलट वाटेल, त्यांनी रागावू नये.) ब्रिटनमध्ये ५० च्या आतल्या सुमारे अडीच हजार लोकांना दरवर्षी हा कॅन्सर होतो. 'ब्लॅक पँथर'चा नट चॅडविक बोसमन २०२० मध्ये यानेच गेला, ४३ व्या वर्षी. तरुण रुग्णाची अडचण अशी की डॉक्टरच्याही डोक्यात कॅन्सर येत नाही: मूळव्याध असेल, टेन्शन असेल, बाहेरचं खाता का? बॉवेल कॅन्सर यूकेने २०१३ पासून 'नेव्हर टू यंग' नावाची वेगळी मोहीम यासाठीच चालवली. आणि डेबोरा जेम्स. शाळेत उपमुख्याध्यापिका होती, २०१६ च्या डिसेंबरात ३५ व्या वर्षी रोग कळला. तिने काय केलं, तर शौचाबद्दल चारचौघांत बोलायला सुरुवात केली! रेडिओसारख्या कार्यक्रमात बोलली, संडासाचा पोशाख घालून नाचली, लोकांना सांगत राहिली की मागे वळून बघा, रक्त दिसतंय का ते. २०२२ च्या जूनमध्ये ती गेली तेव्हा ४० वर्षांची होती, आणि तिच्या नावाच्या निधीत काही आठवड्यांतच ६० लाख पौंडांच्या वर रक्कम जमली होती. तिला राजघराण्याने किताब दिला हे सगळ्यांनी छापलं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या विषयाचं नाव घ्यायला लोक लाजतात त्यावर मागणी करणारे आधी कुणी नसतातच. लाज गेली की मग पत्र लिहिता येतं.

मात्र मागितलेलं सगळंच बरोबर असतं असंही नाही, आणि इथे माझं या संस्थांशीही भांडण आहे. २०१० च्या निवडणुकीत तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने कॅन्सरच्या औषधांसाठी वेगळा निधी काढायचं वचन दिलं. जी औषधं नाइसने 'फायद्याच्या मानाने फार महाग' म्हणून नाकारली होती, तीही या निधीतून मिळू लागली, त्यात आतड्याच्या कॅन्सरचं बेव्हासिझुमॅबही होतं. वर्षाला २० कोटी पौंड ठरले होते, खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. २०१५ मध्ये यादीला कात्री लागली तेव्हा आतड्याच्या कॅन्सरची संस्था विरोधात उभी राहिली. पुढे २०१७ मध्ये अभ्यासकांनी हिशोब तपासला. २०१६ पर्यंत एकूण १२७ कोटी पौंड गेले होते. औषधांच्या ४७ उपयोगांपैकी फक्त १८ मध्ये आयुष्य वाढल्याचा पुरावा होता, आणि तेही मध्यम मानाने तीन महिन्यांच्या आसपास. कुणाच्या घरातले ते तीन महिने छोटे आहेत असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण त्याच वर्षांत कार्लाइलच्या पन्नाशीतल्या माणसाला ते स्वस्तातलं पाकीट जात नव्हतं, हेही विसरता येत नाही.

असं का होतं, यावर मी बराच विचार केला. औषध नाकारलेल्या रुग्णाला चेहरा असतो, नाव असतं, त्याची मुलं टीव्हीवर दिसतात. आणि ज्याचा पॉलिप वेळेत निघाला, ज्याला कॅन्सर झालाच नाही, तो कशाला पत्र लिहील? त्याला माहीतही नसतं की आपण वाचलो. शिवाय औषधामागे कंपनी उभी असते, पुठ्ठ्याच्या पाकिटामागे कोण उभं राहणार? म्हणून संस्थेकडे नुसता कळवळा असून भागत नाही, गणितही यावं लागतं. कुठली मागणी सर्वात जास्त लोकांना सर्वात कमी पैशांत वाचवेल, हे आधी कागदावर मांडायचं आणि मगच पत्रांचे मसुदे वाटायचे.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नाही. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिव्हेक या औषधाच्या पेटंटला हरकत घेतली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी कंपनी हरली. कंपनीच्या औषधाला महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास लागायचे, इथल्या कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळायचं. फळं आणि बिस्किटं वाटून हा फरक पडला असता का?

आतड्याच्या कॅन्सरबाबत मात्र ब्रिटनची मागणी जशीच्या तशी उचलून आणा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे त्याचं प्रमाण त्यांच्या मानाने बरंच कमी आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३० वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीची जी चौकट आखली त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर घेतले, आतडं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे शौचातून रक्त पडलं की निदान आधीच ठरलेलं असतं: मूळव्याध. बसस्टँडच्या मुतारीपासून लोकलच्या डब्यापर्यंत 'विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज'चे कागद चिकटवलेले असतात, आणि माणूस लाजेखातर आधी तिथेच जातो. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते म्हणा. पण नसली तर महिने वाया जातात. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी डॉक्टरने हातमोजा घालून बोटाने तपासलं तरी लागतात. त्याला यंत्र लागत नाही, बजेट लागत नाही. तेव्हा माझी मागणी एवढीच: रक्त पडतंय म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या प्रत्येक माणसाची अशी तपासणी झाल्याशिवाय त्याला मूळव्याधीचं औषध देऊ नये, आणि तपासल्याची नोंद केसपेपरवर असावी. नोंद असली की माहिती अधिकारात विचारता येतं.

पत्राचा कच्चा मसुदा मी केला आहे, मराठीत, दीड पानाचा. शुद्धलेखन कुणीतरी बघायला हवं आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लिहायचं की थेट आमदारांना, यावर रूममध्ये अजून वाद चालू आहे. ज्यांना यायचंय त्यांनी सबमिशन संपल्यावर रात्री जेवणानंतर रीडिंग रूममध्ये यावं. स्टाफपैकी कुणी आलं तर फारच बरं.